काशीची फुंकर

तर भोंगा वाजायला लागला, इथवर काल आलो होतो. पुढं झालं असं, की सोनिवलीच्या त्या नव्या बिल्डिंगीतली झाडून सगळी माणसं जिन्यावरून खाली धावली. एकाच्या गालाला दाढीचा साबण, एकीच्या हातात लाटणं, एका आजोबांनी तर टीव्हीचा रिमोट तेवढा वाचवून आणलेला. आग कुठंय, आग कुठंय, म्हणून जो तो मान वर करून बघतोय. आणि आग कुठंच नव्हती. सातव्या मजल्यावर जिज्ञासाच्या घरी काशी तान्ह्या बाळाला धुरी देत होती. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग आणि लसणाची सालं. तो धूर छतातल्या पांढऱ्या वाटीला लागला आणि वाटीनं बोंब ठोकली.

जिज्ञासा बिचारी दारात नाचत होती. "मावशी, चला ना, मावशी, सगळे खाली गेले!"

"जाऊ दे त्यांना. धुरी अर्धी सोरून कोन उठतंय?"

काशीनं आपलं काम सवडीनं उरकलं. बाळाला दुपट्यात घट्ट बांधलं, निखाऱ्यावर पाणी मारलं आणि लिफ्टनं खाली उतरली. लिफ्टचं दार उघडलं तर समोर ही गर्दी. काशी म्हणाली, "एवरी माणसा? कोनाची हलद हाय?"

दुसऱ्या दिवशी सोसायटीनं कागद चिकटवला की घरात धुरी करू नये. काशीला वाचता येत नाही, वॉचमननं वाचून दाखवला. ती हसली. "धुरी बंद करा. माजी फुंकर कशी बंद करनार?"

आता ही फुंकर काय, ते सांगितल्याशिवाय काशी कळायची नाही.

काशीचं काम बाळ-बाळंतिणीला अंघोळ घालायचं. पाटावर बसून दोन्ही पाय लांब करायची, पायांवर बाळ आडवं घ्यायची. आधी तेल, मग डाळीचं पीठ आणि साय, मग कढत पाणी. तळव्यानं डोकं गोल करायची, चिमटीत धरून नाक वर ओढायची. बाळ भोकाड पसरायचं आणि आई बाहेर कासावीस व्हायची. सगळ्यात शेवटी, कानानाकात राहिलेलं पाणी निघावं म्हणून, काशी तोंड जवळ नेऊन फुंकर घालायची. दोन्ही कानांत एकेक, नाकात एक. जोरात नाही. पाखडताना सुपातला कोंडा उडावा आणि दाणा हलू नये, तशी. त्या फुंकरीसरशी रडणारं पोर गप व्हायचं आणि डोळे मिटायचं. हे बघायला शेजारणी यायच्या. बाया म्हणायच्या, अंघोळ कुणीही घालील, फुंकर काशीचीच.

ही फुंकर तिच्या सासूकडून आलेली. हितेश, काशीचा मुलगा, जन्मला तेव्हा निळा पडला होता. सासूनं त्याच्या नाकातोंडात फुंकून त्याला रडवलं. तो हितेश आता अंबरनाथला कारखान्यात सुपरवायझर आहे आणि आईला म्हणतो, मला फुंकरीची गोष्ट सांगू नको, पाठ झालीये.

बुधाजी, काशीचा नवरा, याची गंमत वेगळीच. ज्या जमिनीवर ती बिल्डिंग उभी आहे, तिथं त्याची भातशेती होती. जमीन गेल्यापासून तो वॉचमनच्या खुर्चीशेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "ही बी विंग हाय ना, हिच्याखाली माजा भाताचा राब होता. रोपा काय यायची!" त्यावर काशी म्हणायची, "तवा रोपा खाली येत होती, आता वर येतात. माजा काम काय कमी झाला नाय." आणि खरंच, बिल्डिंगी वाढल्या तशी काशीची घरं वाढली. बदलापूर गावातली जुनी घरं होतीच, त्यात सोनिवलीची, आणि एक तर पार विठ्ठलवाडीचं. ओळखीच्या पोरीचं बाळंतपण म्हणून तिथंही जायची. लग्नाला गेली की नवऱ्याचं नाक निरखून बघायची आणि मांडवातच म्हणायची, "ह्या माज्या हातचा नाक." नवरा लाजून लाल.

हात पुरेनात तेव्हा तिनं जिवलीला शिकवलं. जिवली बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, बिल्डिंगीच्या बांधकामावर घमेली उचलायची. काशीनं तिला पाटावर बसवून सगळं दाखवलं. फुंकर शिकवायला तळहातावर पीठ घेतलं आणि म्हणाली, "वरचा पीठ उरव. पन ढिगारा मोरू नको." जिवलीला ते जमायला पावसाळा गेला. जमलं तेव्हा काशीला लेक उजवल्यासारखं वाटलं.

इतकं सगळं छान चाललेलं. मग तिच्या स्वतःच्या घरात बाळ आलं.

हितेशची बायको उन्नती. तिचं आधीचं एक पोटातच गेलेलं, म्हणून या खेपेला सगळे श्वास रोखून बसले होते. मुलगी झाली. बारशाला नाव भलतंच मोठं ठेवलं, पण काशी तिला नुसतं "बाय" म्हणायची. आणि काशीनं एक नेम धरला. दुसऱ्यांची बाळं घाईत न्हाऊन होतात, एक घर झालं की दुसरं गाठायचं असतं. आपली बाय निवांत व्हायला हवी. म्हणून सगळी घरं उरकून, शेवटी घरी येऊन बायला अंघोळ घालायची. मग कुठं जायचं नाही. पायावर घेऊन हवं तेवढं खेळवायचं. ती घरात शिरायची ती थेट न्हाणीकडंच वळायची, चहासुद्धा मागाहून.

गणपती जाऊन नवरात्र यायचं होतं. त्या दिवसांत जिज्ञासाच्या बाळाचं नाक वाहत होतं. आठ महिन्यांचं गुटगुटीत पोर, सुरसुर करत होतं एवढंच. काशीनं त्याला न्हाऊ घातलं, नाक साफ केलं, फुंकर घातली. दोन-तीन दिवसांनी काशीच्या नाकात खवखव सुरू झाली. तिनं चिमूटभर ओवा चावला, पदरानं नाक पुसलं आणि कामाला गेली. सर्दी झाली म्हणून कुणी बाई घरी बसली, असं तिनं तिच्या आयुष्यात बघितलं नव्हतं. सगळी घरं केली. शेवटी बायला पायावर घेतलं.

त्यानंतर बायला सर्दी झाली.

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. मग तिनं अंगावर प्यायचं कमी केलं. ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. काशीनं घरांचा खाडा केला, लसूण टाकून तेल कडकडवलं, छातीला लावलं, धुरी दिली. या घरात छताला वाटी नव्हती, भोंगा वाजला नाही. धूर खोलीभर राहिला.

"आई, डॉक्टरकडे नेऊया का?" उन्नतीनं विचारलं.

"नेऊ गो. आजचा दिस बघू. इतकी पोरा बघितली मी."

सकाळी काशीनं दुपटं सोडलं आणि तिचे हात थांबले. बायचं पोट उडत होतं. बरगड्यांखाली दर श्वासाला खड्डा पडत होता. हे काशीनं आधी बघितलेलं होतं, आणि ज्या घरी बघितलं त्या घरी पुन्हा तिला कुणी बोलावलं नव्हतं, कारण न्हाऊ घालायला कुणी उरलं नव्हतं. ती हितेशला एवढंच म्हणाली, "रिक्षा आन."

अंबरनाथच्या दवाखान्यात खाट नव्हती. तिथल्या डॉक्टरबाईनं बाळाकडं एकदा बघितलं आणि चिठ्ठी देऊन उल्हासनगरला पाठवलं. तिथं मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांचा विभाग वरच्या मजल्यावर. दार उघडलं आणि आतून खोकल्याचा आवाज आला. मोठ्या माणसाचा खोकला कसा खणखणीत असतो. हा ओल्या कापडासारखा होता, आणि एका वेळी सगळीकडून. खाटा भरलेल्या. ज्यांना खाट नाही त्यांच्या आया बाकांवर, मांडीवर बाळ, बाळाच्या तोंडावर वाफेचा प्लास्टिकचा पेला. बायला ऑक्सिजनची नळी लावायला नेलं आणि काशी दाराशी उभी राहिली.

तेव्हा तिला ती डोकी दिसली.

बाळं पाठमोरी होती, तोंडं आयांच्या खांद्यात लपलेली. पण डोक्याची ठेवण काशी विसरायची नाही. खिडकीजवळचं ते गोल, मागून सपाट न झालेलं, ते तिच्याच तळव्याखालचं. पलीकडचंही. भिंतीकडच्या खाटेवरचं तर नक्की, ते विठ्ठलवाडीचं. इतक्या भीतीतही तिला बरं वाटलं, परक्या गावात आपली माणसं भेटावीत तसं. खिडकीजवळची आई वळली, तर जिज्ञासा.

"अय्या, मावशी, तुम्ही? इथे?"

"बायला आनलाय. तुज्या पोराला काय झाला गो?"

"तेच ना, सर्दी झाली होती, मग छातीत भरलं. पण आज बरा आहे तो, दूध मागतोय. मावशी, टेन्शन नका घेऊ, बघा, तुमची सगळी इथेच आहेत. ती विठ्ठलवाडीवालीपण तुमचीच ना? काल आम्ही तुमच्याबद्दलच बोलत होतो."

शेजारी उल्हासनगर कॅम्पातली एक सिंधी आजी नातवाला घेऊन बसली होती. तिनं काशीला सरकून जागा करून दिली. "बैठ बेटी. यहाँ खड़े-खड़े थक जाएगी." तिच्या नातवाला काशीनं कधी हात लावला नव्हता. त्याचंही पोट तसंच उडत होतं.

डॉक्टर आले. राजरत्न त्यांचं नाव, वयानं हितेशएवढेच, डोळे झोपेवाचून सुजलेले. बायला तपासून त्यांनी विचारलं, "घरात कुणाला सर्दी-खोकला?"

उन्नती नाही म्हणाली. हितेश नाही म्हणाला. काशी म्हणाली, "मना होती जराशी. तिला काय सर्दी म्हनायची, ओवा खाल्ला नि गेली."

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं. "बाळाच्या किती जवळ असता तुम्ही?"

आता याचं उत्तर काशीला ठाऊक होतं, आणि ते सांगताना तिची मान जरा ताठच झाली. "मीच न्हाऊ घालतंय. हिलाच काय, ती खिरकीतली, ती भिंतीकरची, सगली माजीच. शेवटाला फुंकर घालतंय. कानात नि नाकात." आणि त्यांना समजावं म्हणून तिनं ओंजळीत बाळाचं डोकं धरल्यासारखे हात केले, ओठ पुढं काढले आणि हवेत एक फुंकर घालून दाखवली.

डॉक्टर लिहायचे थांबले.

काशीनं त्यांच्याकडं बघितलं. मग खिडकीकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. तिचे हात अजून तसेच हवेत होते.

"आजी, बसा," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, अगदी हळू, रागावल्याशिवाय. हा एक विषाणू असतो. मोठ्यांना होतो तेव्हा नाक गळतं, चार दिवसांत बरं वाटतं. पण इतक्या लहान जिवाच्या छातीतल्या नळ्या शेवयांपेक्षा बारीक, त्या चिकटानं बुजतात. श्वासातून जातो, हातांवरून जातो. औषध असं नाही. ऑक्सिजन द्यायचा, पोटात दूध जाईल असं बघायचं आणि बाळ टिकतंय का ते बघायचं.

"मंजे माज्यानं झाला."

"तसं नक्की नाही सांगता येत. दर वर्षी या दिवसांत विभाग असाच भरतो. ज्यांना तुम्ही कधी पाहिलंही नाही, ती बाळंही इथं आहेत. बाजारातून येतो, पाळणाघरातून येतो, मोठ्या भावंडाकडून येतो."

"पन माज्यानं झाला नाय, असा पन सांगता येत नाय."

डॉक्टरांनी मान हलवली. "नाही येत, आजी."

बायच्या नाकात आता दोन नळ्या होत्या, एक हवेची आणि एक दुधाची, आणि वर पट्टी चिकटवलेली. जे नाक काशी रोज चिमटीत धरून वर ओढायची, ते त्या पट्टीखाली दिसतही नव्हतं. हितेश कुणाकुणाला फोन करत जिन्यात फिरत होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बाळ थकायला लागलंय, श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल, आणि इथली मशीनं तर दुसऱ्या बाळांना लागलेली आहेत. मुंबईत जागा बघतोय.

थकायला लागलंय. काशी हा शब्द घेऊन बसली. भाताची लावणी करताना कंबर मोडते, तो थकवा तिला माहीत होता. पायावर मावणाऱ्या जिवाला थकवा कशाचा? मग ती बायकडं बघत राहिली आणि तिला समजलं. पोट आत, पोट वर, पोट आत, पोट वर. एवढंसं पोर नांगराला जुंपल्यासारखं श्वास ओढत होतं, आणि मधे थांबायची सोय नव्हती.

जागा झाल्याचा फोन आला. ॲम्ब्युलन्स खाली येऊन उभी राहिली. हितेश उड्या मारत जिना चढून आला, तोवर बायनं ओढायचं सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी तिला आतल्या खोलीत नेऊन खूप खटपट केली. काशी बाहेर बाकावर होती. सिंधी आजीनं तिचा हात हातात धरला होता, आणि आतला आवाज थांबल्यावरही तिनं तो सोडला नाही.

त्याच दुपारी जिज्ञासाचं बाळ घरी गेलं. वाईट वाटून घ्यावं असं त्यात काही नाही, पोर जगलं. तिला काशीच्या घरचं कळलं नव्हतं. जाताना ती काशीला शोधत होती म्हणे, पाया पडायला.

बायला घरी आणलं. बायका म्हणाल्या, शेवटची अंघोळ काशीच घालेल, दुसरं कोण? काशी पाटावर बसली. पाय लांब केले. सगळं नेहमीसारखं केलं, तेल, पीठ, साय, पाणी. डोक्यावरून तळवा फिरवला. मग पंचा घेतला आणि थांबली. जमलेल्या बायका वाट बघत होत्या. काशीनं ओठ घट्ट मिटून घेतले.

उन्नती बाजूला भिंतीला टेकून बसलेली. ती म्हणाली, "आई, कानात पाणी राहिलंय."

काशीनं पदराचं टोक पिळून बारीक केलं आणि त्यानं ते पाणी टिपलं.

पुढं काशीनं एक गोष्ट केली, जी तिच्या जागी दुसऱ्या कुणी केली नसती. सुतकाचे दिवस झाल्यावर ती आपल्या एकेका घरी गेली आणि दारात उभी राहून सांगितलं, की मला सर्दी होती, मी फुंकर घातली, म्हणून तुमच्या पोरांना झालं असंल. तिला वाटलं होतं, शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाया तिला आत घेऊन पाणी देत होत्या. "मावशी, असं मनाला लावून घेऊ नका." "सर्दी काय, सगळ्यांनाच होते." बदलापूर गावातली एक म्हातारी तर हसली. "अगो, फुंकरीनं पोर जातंय तं आपुन कशी उरलो?" हितेशनं तिला ओरडून सांगितलं, हे घरोघरी सांगत फिरणं बंद कर. आणि उन्नतीला सांगितलं तेव्हा उन्नतीनं ऐकून घेतलं, भाजीची जुडी सोडली आणि म्हणाली, "आई, तिचं तेवढंच होतं." त्यापुढं ती काशीशी कामापुरतंच बोलली. आजही तसंच.

काशीनं काम सोडलं. घरं जिवलीकडं गेली. काशीनं तिला बोलावून समजावलं, फुंकर घालू नको, पंच्यानं पूस. जिवलीनं निमूट ऐकलं. चार दिवसांनी आली आणि उंबऱ्यावर बसून म्हणाली, "काकी, एकीकडं नाय घातली. बाई बोलली, काम अर्धाच केलास. उद्यापासून येऊ नको बोलली. मना घरी तीन तोंडा हायेत. मी काय करू?"

काशीनं तिला चहा दिला.

परत गणपती आले आणि गेले. त्या दिवसांत हितेशचा डबा पोचवायला काशी अंबरनाथला गेली, तर दवाखान्याच्या पायऱ्यांवर आया बसलेल्या, मांडीवर बाळं, आणि तोच ओला खोकला. ती थांबली नाही. घरी आली, तर ओटीवर जिज्ञासा, कडेवर ते वाचलेलं पोर, आता धावायला लागलेलं, खाली उतरायला पाय झाडत होतं. जिज्ञासाच्या बहिणीला मुलगा झाला होता. उन्नती आतल्या दाराशी तांदूळ निवडत होती.

"मावशी, नाही म्हणू नका. बहीण म्हणते, तुमच्याच हाताची अंघोळ पाहिजे. हा बघा ना, तुमच्या हाताचा, म्हणून एवढ्यातून उठला."

काशी पोराच्या डोक्याकडं बघत राहिली. गोल होतं. तिनं मान हलवली, नाही.

"असं काय करता? बरं, तुम्हाला नसेल जमत, तर ती जिवली आहे ना, तिला बोलावू का मग?"

आत उन्नतीचे तांदळातले हात थांबले. काशी म्हणाली, "बोलव. हात चांगला हाय तिचा. पन ती फुंकर घालनार, मीच शिकवलीय. नि तिला सर्दी असली तं ती सांगनार नाय, मी तरी कवा सांगितला होता?"